भिंत सोडून ओटा

आमच्या घरात चूल जमिनीवर होती आणि आई चुलीत पडायची. एवढं एक वाक्य लिहायला मला पन्नाशी गाठावी लागली.

लोहगडवाडीला आमची एक खोली आणि पुढे पडवी. भाताची दोन खाचरं होती, पण त्यांवर वर्ष निघत नव्हतं. म्हणून वडील, म्हणजे आबा, लोणावळ्यात एका बंगल्यावर माळी आणि राखणदार म्हणून होते. शनिवारी तिन्हीसांजेला घरी यायचे, सोमवारी उजाडायच्या आत निघायचे. बाकीचे दिवस घरात आम्ही तिघी. आई, मी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान बहीण. तिला सगळे धाकटीच म्हणायचे, मीही तेच म्हणते.

आईला फेफरं होतं. महिन्यातून एकदा, कधी दोनदा. आधी तिचा डावा अंगठा बोटांवर घासायला लागायचा, तंबाखू मळावी तसा. मग ओठ एका बाजूला ओढला जायचा, आणि मी दहा मोजेपर्यंत ती आडवी झालेली असायची. एवढ्या वेळात तिच्या हातातलं काय ते घ्यायचं आणि तिला मागे ओढायचं. ती तोंड फिरवून बसली असेल तर हे दिसणार नाही, म्हणून मी चुलीच्या पलीकडे, तिच्या समोर बसायची. धुरानं डोळे चुरचुरायचे, पण मिटायची भीती वाटायची.

आबांनी वाडीत सांगून ठेवलं होतं, की हिच्या अंगात देवी येते. आजार म्हटलं असतं तर त्या घरातल्या पोरी कोण करणार? देवीला कोणी नावं ठेवत नाही. लोकांनी ते मानलं. मंगळवारी बायका हळदकुंकू घेऊन यायच्या, गाय कधी विणार विचारायच्या. आई बिचारी सांगायची, "मला न्हाई म्हाईत गं बायांनो." त्यांना वाटायचं, देवी परीक्षा बघते.

मी आठ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. शेजारच्या दोघी विस्तव मागायला आल्या होत्या. मी पडवीत धाकटीच्या पायातला काटा काढत होते. आत थाप-थाप चालली होती. नाचणीची भाकरी थापायचा आवाज मला आजही झोपेत ओळखता येईल. तो थांबला. भाकरी तव्यावर टाकायला जेवढा वेळ लागतो तेवढं मी थांबले. परत थाप आली नाही.

मी आत गेले तेव्हा आई कुशीवर पडली होती आणि तिचा उजवा हात कोपरापर्यंत चुलीत होता. त्या दोघी बायका हात जोडून उभ्या होत्या. एकीनं पदर डोक्यावरून घेतला होता.

मी पुढे झाले तर ती म्हणाली, "हात नगं लावूस पोरी, आईसाब आल्यात."

वाईट बाया नव्हत्या त्या. आमच्याच घरानं सांगितलं होतं ते त्यांनी मानलं होतं. मी आईचा पाय धरला आणि ओढायला लागले. आठ वर्षांच्या पोरीनं ओढून बाई किती सरकणार? धाकटी रडत आली, तिनं दुसरा पाय धरला. आईचा हात बाहेर आला तेव्हा तिच्या बांगड्या कातडीला चिकटल्या होत्या.

त्या दिवसापासून राखणीचा नियमच झाला. चूल पेटली की दोघींपैकी एकीनं समोर बसायचं. पाच मिनिटं म्हणून उठायचं नाही. लघवीला जायचं तर दुसरीला हाक मारायची.

मी चौथी पास झाले तेव्हा गुरुजी शनिवार गाठून आबांकडे आले. "हिला पुढं शिकवा," म्हणाले. आबा मला लोणावळ्याला घेऊन गेले. बंगल्याच्या मागच्या खोलीत राहून मी हायस्कूल केलं. राखण धाकटीवर आली. तिची शाळा दुसरीतच सुटली. मी शिकले याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. पण माझी जागा धाकटीनं चुलीसमोर बसून भरली, हेही मी लपवणार नाही.

पुढे कॉलेजला लोणावळा ते पुणे अशी रोज गाडीनं जायची. मळवलीचं स्टेशन आलं की मी पुस्तक मिटायची. काही झालं तर वाडीतलं माणूस खाली मळवलीला येऊन मला गाठणार, एवढं ठरलेलं होतं. मी खिडकीतून सगळा फलाट बघायची. कोणी ओळखीचं नाही असं दिसलं तरी गाडी हलेपर्यंत खिडकी सोडायची नाही. एकदा आमच्या वाडीतले एक भाऊ उभे दिसले. मी धावत दाराशी गेले. ते कोंबड्या घेऊन तळेगावला निघाले होते. त्यांनी हसून हात केला. मला त्या दिवशी वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही.

बी.ए. झाले तशी पहिल्या आठवड्यात आईला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. रोज घ्यायच्या, आयुष्यभर. मला म्हणाले, "विस्तव, पाणी आणि उंची, या तिन्हींपासून लांब ठेवा."

आई बाहेर येऊन म्हणाली, "मग उरलं काय?"

गोळ्यांनी गुण आला. महिन्याचं दुखणं चार-पाच महिन्यांवर गेलं. पण गेलं नाही. खरं सांगायचं तर भीती वाढली. आधी निदान माहीत असायचं की आता दिवस भरत आले. आता कुठलाही दिवस असू शकत होता.

मला लोणावळ्यात शाळेत नोकरी लागली. वलवणला जमिनीचा एक तुकडा घेतला आणि दोन खोल्या उभ्या केल्या. वाडीतलं घर बंद करून सगळे इकडे आलो. त्याच उन्हाळ्यात धाकटीचं लग्न वराळ्याला झालं. जावई तळेगावला कारखान्यात होते, धडधाकट, थोडे तापट. आईचं दुखणं त्यांना सांगायचं नाही असं आबांनी ठरवलं. मी बोलले तर म्हणाले, "तू शिकलीस, तुला काय कोनबी करंल. तिचं जमलंय ते मोडू नगंस." मी गप्प बसले.

स्वयंपाकघराची खोली दहा बाय दहाची. गवंडी उंचीला बुटका, म्हातारा, तोंडात कायम विडी. त्यानं खडूनं खिडकीखाली रेघ मारली. "वटा हितं. उजेड बी येतो, धूर बी जातो."

आई रिकाम्या खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "वटा मधी घाला की. मला तुमची तोंडं दिसतील."

आम्ही सगळे हसलो. गवंडी म्हणाला, "मावशी, वट्याला भित लागती. मधी काय, तुळशी हाय का?"

शिवाय मधे टेबल येणार होतं. आबांच्या बंगल्याचे मालक बंगला विकून निघाले होते, आबांचं काम सुटलं होतं, आणि जाताना मालकांनी त्यांना जेवणाचं टेबल दिलं होतं. सागवानी, सहा माणसांचं. आबांनी ते वीस वर्षं पुसलं होतं, त्यावर एकदाही जेवले नव्हते. ते म्हणाले, "माजी लेक बी.ए. झाली. ती भुईवर जेवणार न्हाई."

मला नको होतं असं नाही. मला हवंच होतं. कॉलेजात असताना एका मैत्रिणीकडे जेवायला गेले होते, तिथे टेबल होतं. कोपर कुठे ठेवायचं ते मला कळेना आणि मैत्रिणीची आई माझ्याकडे बघते आहे असं सारखं वाटत राहिलं. आपल्याही घरी असं टेबल असावं, हे मी त्या दिवशी मनाशी धरलं होतं. आणि मी हिशेबही केला. टेबल स्वयंपाकघरातच असलं की जेवायला सगळे त्याच खोलीत, आईजवळ. राखण आपोआप झाली. मला माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

खोली एवढीशी. टेबल मधे तर ओटा भिंतीला, ओटा मधे तर टेबल नाही. टेबल मधे आलं. ओटा खिडकीखाली, उभ्यानं रांधायचा, कमरेइतका उंच, वर रॉकेलचा स्टो.

आई पहिल्या दिवशी ओट्याशी उभी राहिली आणि तिची पाठ आमच्याकडे झाली.

एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. मी टेबलाशी बसून तिची पाठ आणि अंबाडा बघत राहिले. अंगठा दिसत नव्हता, ओठ दिसत नव्हता. मी खुर्ची एका बाजूला सरकवली, दुसऱ्या बाजूला सरकवली. आबा म्हणाले, "सुखानं जेव की." मी थापेचा आवाज धरून जेवायला लागले. पण टेबलावर माणसं बोलतात. भुईवर आमच्याकडे जेवताना कोणी बोलत नसे. टेबलावर बसलं की का कोण जाणे, सगळ्यांना वाचा फुटते.

धाकटीचं पहिलं माहेरपण आलं. रविवार होता, दुपार. जावई टेबलाच्या तोंडाशी, शेजारी आबा, मग मी. धाकटी जेवायला न बसता ओट्याकडे चालली, आईच्या शेजारी उभी राहायला. जावई हसून म्हणाले, "अगं, माहेरी तरी बस. मामींना काय भाकऱ्या येत न्हाईत व्हय?"

धाकटीनं माझ्याकडे बघितलं. मी आबांकडे. आबा ताटाकडे बघत म्हणाले, "बस बाय. पाव्हणं म्हनत्यात तर बस."

ती बसली. खुर्चीच्या अगदी कडेला.

जावई कारखान्यातल्या साहेबाची गोष्ट सांगत होते. त्यांना नक्कल छान यायची. आबा हसत होते. मला एका कानानं थाप ऐकू येत होती. जावयांनी टेबलावर हात आपटून साहेब कसा ओरडतो ते दाखवलं आणि आम्ही सगळे हसलो, मीसुद्धा. हसणं ओसरलं तेव्हा थाप नव्हती.

मी मान वर केली. आईचा डावा हात खाली लोंबत होता आणि अंगठा बोटांवर घासत होता.

मधे टेबल होतं. मला वळसा घालून जायचं होतं. धाकटी माझ्या आधी उठली, तिची खुर्ची माझ्या पायात आली. आई पुढे झुकली, स्टोवर. तवा खाली पडला, मग स्टो, आणि स्टोबरोबर ती. रॉकेल फरशीवर पसरलं आणि पेटलं. तिच्या लुगड्याचा पदर पेटला.

जावई टेबलावरून उडी मारून गेले. ताटं, वाट्या सगळं खाली. दाराशी पाय पुसायला गोणपाट होतं ते त्यांनी तिच्यावर टाकलं आणि वर स्वतः पडले. आग विझली. आईचे पाय अजून झटके देत होते. जावयांनी वर बघितलं. "हे काय हाय?" त्यांनी विचारलं. ते परत म्हणाले, "मी इचारतोय, हे काय हाय?"

धाकटी म्हणाली, "फेफरं. माज्या जन्माच्या आधीपासनं."

आईचा दंड आणि कमरेची बाजू भाजली होती. दीड महिना दवाखाना झाला. जावयांचे दोन्ही तळहात भाजले होते. जाताना ते आबांना एवढंच म्हणाले, "मला म्हाईत असतं मामा, तर मी तिला मामींपासनं हलवून जेवाया बसवली नसती." त्यानंतर चार महिने त्यांनी धाकटीला पाठवलं नाही, की निरोप नाही. ती नांदते आहे की तिला परत पाठवणार, आम्हाला कळेना. आबा रोज फाटकाशी उभे राहायचे.

आई घरी आली तेव्हा आबांनी निकाल दिला. "आजपासनं तू विस्तवाला हात लावायचा न्हाई."

मी पहाटे उठून स्वयंपाक करून शाळेत जायची. आई दिवसभर टेबलाच्या खुर्चीवर हात मांडीत घेऊन बसायची. पाहुण्यासारखी. आठवडाभरानं तिचं जेवण कमी झालं. मी विचारलं तर म्हणाली, "भूक लागाया काम लागतं."

वर्गात मुलं कविता म्हणत असायची आणि मला रॉकेलचा वास यायचा. मी दोनदा तास अर्धा सोडून घरी धावत आले. दोन्ही वेळा आई खुर्चीवर होती.

तिसऱ्यांदा मी धावत आले नव्हते. शाळा सुटून आले होते, रोजच्यासारखी. खुर्ची रिकामी. घराच्या मागून धूर येत होता. आईनं तीन दगड मांडून चूल पेटवली होती, त्यावर भात, आणि ती एकटी, वाऱ्याकडे तोंड करून, काटक्या सारत बसली होती. पदर विस्तवापासून वीतभर लांब. आबा बाजारात गेले होते.

मी ओरडले नाही. ओरडले तर ती दचकेल याचीही भीती. मी जाऊन चुलीच्या पलीकडे बसले.

ती म्हणाली, "किती दिस झाले ठाऊक हाय? बारा. तू शाळंत गेलीस आन हे भाईर गेले, की मी पेटवते."

"आई, मरशील."

"भाजून मरंन. त्या खुर्चीत बसून मरायचं न्हाई मला."

"मग मी काय करू ते तरी सांग."

"लय पुन्याचं शिकलीस ना?" ती म्हणाली. "मी म्हनलं व्हतं वटा मधी घाला. हसला समदी. मला कुनी इचारलं का, तुला पाठीमागचं दिसतं का म्हनून? मला बी भ्या वाटतं. पडायच्या आधी मला तुमचं तोंड दिसलं तर मला कळतं, तुमी बगताय. भितीकडं बगून पडले की वाटतं, संपलं."

लहानपणापासून मी तिच्यासाठी घाबरत होते. तीही घाबरत असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गवंड्याला बोलावलं. खिडकीखालचा ओटा फोडायचा आणि मधोमध नवा बांधायचा, म्हणाले. त्यानं विडी कानावर ठेवली. "कशापायी बाई? नीट हाय की वटा."

आबा दारात होते. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, नको म्हणून.

मी म्हणाले, "माझ्या आईला फेफरं आहे. ती स्वयंपाक करताना पडते. तिचं तोंड आम्हाला दिसलं पाहिजे."

आबा चपला घालून बाहेर गेले. ही गोष्ट मी घराबाहेरच्या माणसाला पहिल्यांदा सांगत होते. गवंडी दचकला नाही, की चुकचुकला नाही. तो खोलीत एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "मग उभ्याचा कशाला? उभ्यानं पडली तर डोस्कं फुटंल. बसून व्हईल असा बांधू, गुडघ्याएवढा. स्टो वर न्हाई ठेवायचा. मधी खड्डा सोडतो, त्यात बसवू. हालनार न्हाई, पडनार न्हाई. निस्तं भांड्याचं बूड वर."

मग आईकडे वळून म्हणाला, "मावशी, तुमी तवा बरुबर सांगत व्हता. मीच तुळशीचं बोललो."

आई म्हणाली, "तुज्या विडीनं कुनाचं डोस्कं चालनार?"

ओटा चार दिवसांत झाला. लांबीला माणसाएवढा, रुंदीला दोन हात, वर शहाबादी फरशी, चारी कडा घासून गोल. आई एका बाजूला पाटावर आणि तिच्या पाठीशी मऊ गाठोडं, मागे पडली तर. पलीकडे आम्ही. ताटं त्याच फरशीवर. टेबल बाहेरच्या खोलीत नेलं तेव्हा आबा त्याचा एक पाय धरून नुसते उभे राहिले. मला त्यांचं वाईट वाटलं. मी म्हणाले, "आबा, मी यावर वह्या तपासीन." ते म्हणाले, "तपास. पन रोज पुसायचं मी."

पहिल्या दिवशी आईनं पीठ मळलं आणि थांबली. "तुमी बी आत्ताच बसा, माज्यासंगं," म्हणाली. आमच्यात रांधणारी बाई शेवटी जेवते. पण ती शेवटी जेवली तर तेवढा वेळ ती विस्तवाजवळ आणि आम्ही बाहेर. म्हणून तिनं मधेच दोन घास खायचे, मग एक भाकरी, परत दोन घास, असं ठरलं. आबांना ते बघवेना. पहिले काही दिवस ते भिंतीकडे बघत जेवले. मी म्हणाले, "आबा, भिंतीकडे नका, तिच्याकडे बघा. त्यासाठीच बांधलाय." दिवसा मी शाळेत आणि आबा घरात, तेव्हा स्टो पेटला की आबा पलीकडे बसायचे. शेजारणीलाही मी सगळं सांगून ठेवलं, अंगठा कसा घासतो ते करून दाखवलं. ती म्हणाली, "आधी सांगायचं की गं. मी बसले असते."

दिवाळीआधी जावई धाकटीला घेऊन आले. तिला कायमची सोडायला आले आहेत, असं मला वाटलं. त्यांनी पिशवी ठेवली, ओट्याकडे बघितलं, आणि आईच्या बरोबर समोर मांडी घालून बसले. त्यांच्या तळहातांची कातडी नवी, गुलाबी होती.

"बगू मामी," ते म्हणाले, "कुटला अंगठा?"

आईनं डावा हात पुढे केला.

त्याच मुक्कामात, तिसऱ्या दिवशी, अंगठा घासायला लागला. जावयांना आधी दिसलं. "हेच का गं ते?" त्यांनी धाकटीला विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आईच्या हातातली भाकरी घेतली. मी स्टो बंद केला. धाकटीनं तिला मागे, गाठोड्यावर घेतलं. आबांनी पाट सरकवला. भाजणं नाही, पडणं नाही. अर्ध्या तासानं आई उठून बसली आणि विचारलं, "भाकरी करपली का?" मी रडत होते. धाकटी म्हणाली, "न्हाई, यांनी खाल्ली."

आईनं त्या ओट्यावर पुढे चौदा वर्षं स्वयंपाक केला. त्या वर्षांत ती अनेकदा पडली. एकदाही भाजली नाही.